मोटारसायकलचा बेंड पाईप घरी उतरवून त्यावर हीट रॅप कसा गुंडाळावा

सोलापुरात एप्रिल उजाडला की पारा चाळिशी ओलांडतो आणि सात रस्ता चौकाच्या गर्दीत थांबलेल्या मोटारसायकलस्वाराला वरून उन्हाची आणि खालून इंजिनाची, अशी दोन्हीकडून झळ बसू लागते. इंजिनाच्या हेडपासून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागापासून, निघून सायलेन्सरला मिळणारा वळणदार बेंड पाईप चालत्या गाडीत कित्येकशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि बहुतेक गाड्यांत तो स्वाराच्या उजव्या पायाला लागूनच जातो. या पाईपवर उष्णतारोधक पट्टी, म्हणजे हीट रॅप, नीट गुंडाळली तर पायाला लागणारी झळ बरीच कमी होते. हे काम घरच्या अंगणात, साध्या पान्यांनी करता येते. मात्र पट्टी गुंडाळणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. खरे कौशल्य हेडचा स्टड, म्हणजे पाईप हेडला धरून ठेवणारा आट्यांचा दांडा, न मोडता पाईप उतरवण्यात आणि पुढे पट्टीखाली पाणी मुरून पाईप सडू न देण्यात आहे. म्हणून या दोन गोष्टींवर येथे अधिक विस्ताराने लिहिले आहे.

आपल्या गाडीला याची गरज आहे का

हीट रॅपमुळे इंजिन थंड राहते असे अनेकांना वाटते, पण ते खरे नाही. पट्टी उष्णता नाहीशी करत नाही. ती उष्णता पाईपच्या आतच कोंडते आणि जळालेल्या वायूबरोबर सायलेन्सरकडे पाठवते, त्यामुळे पायाला आराम मिळतो, पण पाईपचा पत्रा पूर्वीपेक्षा जास्त तापतो. गाडीची ताकद वाढते हा दावाही बेताने घ्यावा. वायू गरम राहिला की त्याचा वेग टिकतो हे तत्त्व बरोबर आहे आणि शर्यतीच्या गाड्यांत त्याचा उपयोग करून घेतला जातो, परंतु कंपनीच्या मूळ सायलेन्सरवर चालणाऱ्या एका सिलिंडरच्या गाडीत तो फरक स्वाराला जाणवण्याइतका नसतो. पायाची झळ कमी करणे एवढ्या एकाच कारणासाठी हे काम करायचे असेल तर ते जरूर करावे.

काही गाड्यांचा बेंड पाईप मुळातच दुहेरी भिंतीचा असतो. आत एक नळी, बाहेर क्रोमचे आवरण आणि मध्ये हवा. अशा पाईपवर पट्टीचा लाभ थोडा होतो आणि क्रोमची चकाकी मात्र कायमची जाते, कारण पट्टीखालचे क्रोम डागाळते आणि पुन्हा पूर्वीसारखे होत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की चांगल्या स्थितीतल्या क्रोमच्या पाईपवर पट्टी गुंडाळू नये. त्याऐवजी पाईपच्या बाहेरून क्लॅम्पवर बसणारे पत्र्याचे हीट शील्ड लावावे. पट्टी शोभते आणि उपयोगी पडते ती स्टेनलेस स्टीलच्या पाईपवर, किंवा आधीच रंग उडालेल्या, पण पत्रा भक्कम असलेल्या लोखंडी पाईपवर.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणविषयक नियमांनंतरच्या बहुतेक गाड्यांत एक्झॉस्टवर ऑक्सिजन सेन्सर आणि पुढे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. सेन्सर झाकला जाईल अशी पट्टी गुंडाळू नये. कन्व्हर्टरवर तर ती मुळीच गुंडाळू नये, कारण तो स्वतःच खूप तापतो आणि त्याची उष्णता बाहेर पडणे आवश्यक असते. बेंड पाईप, कन्व्हर्टर आणि सायलेन्सर एकाच तुकड्यात असतील, तर पट्टी फक्त हेडपासून कन्व्हर्टरच्या फुगवट्याच्या अलीकडेपर्यंतच जाईल, हे आधीच ठरवून घ्यावे. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबलेले बरे.

आणखी एक अट आहे आणि तिच्याबाबत सवलत नाही. हेडच्या जोडातून किंवा टॅपेट कव्हरमधून (हेडवरच्या व्हॉल्व्हच्या झाकणातून) तेल गळत असेल, तर आधी ती गळती बंद करून घ्यावी. उघड्या पाईपवर पडलेला तेलाचा थेंब धूर काढून जळून जातो; पट्टीवर पडलेला थेंब मात्र तिच्या विणीत मुरतो, तेथे साठत जातो आणि पेट घेऊ शकतो.

पट्टी आणि इतर सामान

बाजारात मुख्यतः फायबरग्लासची आणि बसाल्टच्या तंतूंची अशी दोन प्रकारची पट्टी मिळते. 'टायटॅनियम' या नावाने विकली जाणारी तपकिरी, सोनेरी झाक असलेली पट्टी सहसा टायटॅनियम धातूची नसून वितळवलेल्या बसाल्टच्या तंतूंची असते. आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण तोच. ही पट्टी फायबरग्लासपेक्षा जास्त तापमान सोसते, कमी झडते आणि हाताळताना कमी टोचते, त्यामुळे थोडे अधिक पैसे मोजून तीच घ्यावी.

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत, त्यामुळे बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांना गुंडाळण्याचे दोर आणि पट्ट्याही येथे सहज मिळतात. जुन्या साठ्यातली एस्बेस्टॉसची दोरी किंवा पट्टी कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये. तिचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यातून कर्करोग होतो. घेतलेल्या मालावर तो कशाचा आहे हे लिहिलेले नसेल, तर तो परत करावा.

किती पट्टी लागेल याचा हिशेब सोपा आहे. समजा पाईपचा बाहेरचा व्यास ३८ मिलिमीटर आहे, म्हणजे परीघ सुमारे १२० मिलिमीटर झाला. गुंडाळायची लांबी ५०० मिलिमीटर आहे. पट्टी २५ मिलिमीटर रुंद घेतली आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर ७ मिलिमीटर चढवला, तर प्रत्येक वेढ्यात आपण १८ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे सुमारे २८ वेढे आणि जवळजवळ साडेतीन मीटर पट्टी. दोन्ही टोकांचे दुहेरी वेढे आणि वळणावरचा जादा खर्च धरून ५ मीटरचे बंडल पुरते. ५० मिलिमीटरची पट्टी कमी वेढ्यांत काम संपवते, पण एका सिलिंडरच्या गाडीच्या बारीक पाईपच्या वळणावर तिला सुरकुत्या पडतात. बारीक पाईपला २५ मिलिमीटरचीच पट्टी योग्य.

पट्टी बांधण्यासाठी स्टेनलेस स्टीलचे टाय घ्यावेत. जस्ताचा मुलामा असलेली बांधणीची तार वापरू नये. तापल्यावर मुलामा जळून जातो आणि उरलेली तार गंजून तुटते. हेडच्या तोंडाशी बसणारे गॅस्केट, ज्याला दुकानात सायलेन्सरचे पॅकिंग म्हणून मागितले तरी चालते, ते गाडीचे मॉडेल सांगून नवे घ्यावे. ते एकदा दाबले गेले की पुन्हा पूर्वीसारखे बसत नाही. याशिवाय गंज सोडवणारे तेल, गोटी पान्यांचा संच, तारेचा ब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर, पक्कड, रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क जवळ ठेवावा.

पाईप उतरवणे

काम सुरू करण्याच्या आदल्या संध्याकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, हेडवरील दोन्ही स्टडच्या मुळाशी आणि नटांवर गंज सोडवणारे तेल मारावे. बेंड पाईप आणि सायलेन्सर वेगळे असतील तर त्यांच्या जोडावरील क्लॅम्पच्या बोल्टवरही मारावे. सकाळी पुन्हा एकदा मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. ही सगळी खटपट त्या दोन स्टडसाठी आहे. ते वर्षानुवर्षे तापतात, थंड होतात, त्यांवर चिखल उडतो, आणि त्यांवरचे नट आट्यांत घट्ट धरून बसतात. हे स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवलेले असतात, म्हणून जोर चुकीच्या जागी लागला तर नुकसान नटाचे न होता हेडचे होते.

गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडला लावावी. लेग गार्ड किंवा पायदान वाटेत येत असेल तर ते आधी काढावे आणि काढताना मोबाईलवर एक-दोन छायाचित्रे घ्यावीत. सेन्सर असल्यास चावी बंद करून त्याचे कनेक्टर हाताने सोडवावे. वायर धरून ओढू नये. त्यानंतर सेन्सर पाईपमधून काढून स्वच्छ कापडात गुंडाळून बाजूला ठेवावा. त्याच्या टोकाला तेल, ग्रीस किंवा हात लागता कामा नये.

सायलेन्सरचा क्लॅम्प आणि मागचा मुख्य बोल्ट फक्त सैल करावा, पूर्ण काढू नये. आधी मागचा बोल्ट काढला तर सायलेन्सरचे सारे वजन हेडच्या स्टडवर येते आणि नट सुटायला आणखी कठीण होतात. आता हेडकडे यावे. ८ मिलिमीटरच्या स्टडला बहुधा १२ किंवा १३ नंबरचा पाना लागतो, ६ मिलिमीटरच्या स्टडला १० नंबरचा. येथे साधा दुतोंडी पाना वापरू नये. सहा कोनांची गोटी नटावर पूर्ण खोल बसवून, पाना नटाच्या रेषेत सरळ धरून जोर द्यावा, म्हणजे नटाचे कोपरे झिजत नाहीत.

नट हलत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी त्याला अगदी किंचित आवळण्याच्या दिशेने ढकलावे. गंजाचा थर तुटल्याची बारीक 'टक्' अशी जाणीव हाताला होते. तेथून पाव फेरा सोडवावा, पुन्हा थोडा आवळावा, तेलाचा थेंब टाकावा आणि पुन्हा सोडवावा. नट कुरकुरत, पण एकसारखा फिरत असेल तर सारे ठीक चालले आहे. फिरताना तो लवचिक वाटू लागला, म्हणजे पाना फिरतो पण नट बाहेर सरकत नाही असे झाले, तर स्टड पिळला जातो आहे असे समजून लगेच थांबावे. कधी नटासकट अख्खा स्टडच हेडमधून बाहेर येतो. त्यात काही बिघडत नाही. त्याच्या आट्या शाबूत असतील तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून तो परत हेडमध्ये फिरवून बसवता येतो.

स्टड तुटलाच तर घरी ड्रिल चालवू नये. यंत्रमागांचे सुटे भाग घडवणारे आणि दुरुस्त करणारे लेथवाले या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि तुटलेल्या स्टडवर नट वेल्ड करून तो बाहेर काढणे त्यांच्यासाठी सरावाचे काम आहे. हाताने तिरके पाडलेले भोक दुरुस्त करायला हेड खोलावे लागते. तसेच घट्ट नट सोडवण्यासाठी ब्लो टॉर्च लावण्याचा मोह घरी टाळावा, कारण पेट्रोलची टाकी त्या जागेपासून जेमतेम हातभर अंतरावर असते.

दोन्ही नट निघाल्यावर एकाने पाईप हाताने धरावा आणि दुसऱ्याने मागचा बोल्ट काढावा. पाईप हेडमधून सरळ पुढे ओढून घ्यावा, मग सायलेन्सरच्या तोंडातून डावीकडे-उजवीकडे थोडा फिरवत बाहेर काढावा. हेडच्या तोंडात अडकलेले जुने गॅस्केट बारीक स्क्रू ड्रायव्हरने, ॲल्युमिनियमवर ओरखडा न पाडता, हळूच उचलून काढावे. त्यानंतर ते तोंड रंगीत कापडाच्या बोळ्याने बंद करावे. रंग ठळक असावा, म्हणजे जोडताना तो बोळा आत राहून जाणार नाही.

पाईप स्वच्छ करणे

तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने सगळा सुटा गंज काढावा. मग पाईप उजेडात धरून वळणाच्या खालच्या बाजूला आणि वेल्डिंगच्या कडेला अंगठ्याने दाबून पाहावे. बोट आत दबले, किंवा टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसले, तर तो पाईप बदलावा; पट्टीने छिद्र झाकले जाते, बुजत नाही. भक्कम असलेला लोखंडी पाईप थिनरने पुसून त्यावर ६०० अंश सेल्सिअस सोसणाऱ्या रंगाचे दोन पातळ हात द्यावेत आणि डब्यावर सांगितल्याप्रमाणे वाळू द्यावेत. पट्टीखाली गंज रोखणारे हेच एकमेव कवच असते, म्हणून ही पायरी गाळू नये. स्टेनलेसच्या पाईपला रंगाची गरज नाही.

पट्टी गुंडाळणे

पाईपवर खडूने तीन खुणा कराव्यात: सायलेन्सरमध्ये जाणारा आणि क्लॅम्पखाली येणारा भाग, सेन्सरची जागा, आणि हेडकडील शेवटचे २५ ते ३० मिलिमीटर. बऱ्याच गाड्यांत हेडकडील फ्लँज, म्हणजे स्टडमध्ये अडकवून नटांनी आवळायची चकती, पाईपवर सुटी सरकते. पट्टी तिच्या अगदी जवळ नेली तर फ्लँज मागे सरकत नाही आणि नट बसवायला पाना शिरत नाही.

फायबरग्लासची पट्टी पाच-दहा मिनिटे पाण्यात भिजवली की मऊ पडते, तिचे तंतू उडत नाहीत आणि वाळताना ती पाईपवर आणखी घट्ट बसते. बसाल्टची पट्टी बहुधा कोरडीच गुंडाळतात. पाकिटावर काय सांगितले आहे ते पाहावे. भिजवण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात आणि पाणी उडून गेल्यावर ते पट्टीत राहून लोखंडाला खातात. उजनी धरणाचे नळाचे पाणी काही दिवसांआड येते हे खरे, पण या कामाला बादलीभरही लागत नाही. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, हातमोजे, चष्मा आणि मास्क घालूनच पट्टी हाताळावी, आणि ते कपडे नंतर वेगळे धुवावेत. हे तंतू अंगात रुतले की दोन दिवस खाज जात नाही.

सुरुवात सायलेन्सरकडील टोकापासून करावी आणि हेडच्या दिशेने वर जावे. असे केले की घराच्या कौलांप्रमाणे वरचा थर खालच्या थरावर येतो, पावसाचे पाणी कडेत न शिरता ओघळून जाते आणि वाऱ्याने कडा उचलल्या जात नाहीत. पहिले दोन वेढे एकाच जागी, एकमेकांवर पूर्ण चढवून घ्यावेत आणि त्यांवर स्टीलचा टाय आवळावा. पुढे प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर ६ ते ८ मिलिमीटर चढवावा. अर्धी पट्टी चढवली तर उष्णता फार कोंडते, ओल फार काळ टिकते आणि पट्टीही वाया जाते.

पट्टी पाईपभोवती फिरवण्यापेक्षा पाईप फिरवावा, हे या कामातले सर्वांत उपयोगी तंत्र आहे. एकाने पट्टीचे बंडल दोन्ही हातांत ताणून धरावे आणि दुसऱ्याने पाईप सावकाश फिरवावा, म्हणजे ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहतो. वळणावर पट्टी आतल्या बाजूला दाटते आणि बाहेरच्या बाजूला विरळ होते; म्हणून लक्ष सतत बाहेरच्या बाजूवर ठेवावे आणि तेथे ६ मिलिमीटरचा चढाव राहिला पाहिजे, आत कितीही दाटी झाली तरी चालेल. सुरकुती पडली तर ती दाबून पुढे जाऊ नये, दोन वेढे उलगडून पुन्हा घ्यावेत. सेन्सरच्या दोन्ही बाजूंना पट्टी थांबवून टाय लावावा आणि मधली जागा मोकळी सोडावी.

हेडकडील टोकाला पुन्हा दोन दुहेरी वेढे घेऊन पट्टीचे टोक आतल्या बाजूला दुमडावे आणि त्यावर टाय आवळावा. वळणाच्या मध्यावर आणखी एक टाय हवा. टायचा कुलपाचा भाग इंजिनाच्या बाजूला यावा, कारण कापलेल्या स्टीलची कड ब्लेडइतकी धारदार असते आणि ती पँट व पोटरी दोन्ही फाडते. कड कानशीने घासून घ्यावी.

परत जोडणे आणि पहिल्यांदा तापवणे

हेडमधील कापडाचा बोळा काढावा. नवे गॅस्केट ग्रीसच्या लहानशा ठिपक्याने जागेवर चिकटवावे, म्हणजे पाईप बसवताना ते खाली पडत नाही. पाईप हेडमध्ये आणि सायलेन्सरमध्ये बसवून सगळे नट-बोल्ट हाताने लावावेत. मग आधी हेडचे दोन्ही नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा देत आवळावेत. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे वळले तर गॅस्केट तिरके दबते. ८ मिलिमीटरच्या स्टडला साधारण २० न्यूटन-मीटर आणि ६ मिलिमीटरच्या स्टडला १० च्या आसपास जोर पुरतो, परंतु गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडा अंतिम मानावा. त्यानंतर सायलेन्सरचा क्लॅम्प आणि सर्वांत शेवटी मागचा बोल्ट आवळावा. सेन्सर बसवून त्याचे कनेक्टर जोडावे आणि त्याची वायर पट्टीला टेकत नाही हे पाहावे. पट्टीमुळे पाईप चार-पाच मिलिमीटर जाड होतो, तेव्हा ब्रेकचे पेडल दाबून ते कोठे घासत नाही याचीही खात्री करावी.

गाडी उघड्यावर सुरू करावी, बंद पार्किंगमध्ये नाही. पट्टीतून पांढरा धूर आणि उग्र वास येईल. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत तो येणे स्वाभाविक आहे. हेडजवळ 'फुसफुस' असा आवाज येत असेल, किंवा चालत्या गाडीचा ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट फुटत असेल, तर गॅस्केट नीट बसलेले नाही. हवेवर थंड होणारे इंजिन एका जागी फार वेळ चालू ठेवू नये. दोन-तीन मिनिटांत तपासणी आटोपून पहाटेच्या गारव्यात विजापूर रस्त्याने सावकाश एक फेरी मारून यावी. त्याने पट्टी एकसारखी तापते आणि भिजवलेली असेल तर त्याच दिवशी पूर्ण वाळते. गाडी थंड झाल्यावर हेडचे नट आणि सगळे टाय पुन्हा एकदा आवळावेत, कारण पहिल्या तापण्यानंतर पट्टी थोडी बसते आणि टाय सैल पडतात.

पावसाळा आणि त्यानंतर

हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये केले तर उन्हाळाभर त्याचा उपयोग होतो आणि पट्टी पूर्ण वाळून, बसून पावसाला सामोरी जाते. पावसात भिजून आलेली गाडी तशीच आठवडाभर उभी ठेवणे हे लोखंडी पाईपला सर्वांत घातक असते. रोज थोडी का होईना चालणाऱ्या गाडीचा पाईप तापून ओल उडवून देतो. गाडी धुताना प्रेशरचा फवारा पट्टीवर मारू देऊ नये, आणि चेनला तेल मारताना पट्टीवर जुने कापड टाकावे.

सोलापुरात पावसाचा जोर बहुतेक वर्षी सप्टेंबरमध्ये असतो, तेव्हा तपासणीची योग्य वेळ दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. खालचा टाय सोडवून दोन-तीन वेढे उलगडावेत आणि आतला पत्रा पाहावा. रंग टिकून असेल तर नवा टाय लावून पुढच्या वर्षापर्यंत पाहावे लागत नाही. पापुद्रे सुटत असतील तर पूर्ण पट्टी काढून पाईप पुन्हा घासून रंगवावा. एकदा तापलेली पट्टी ठिसूळ होते आणि पूर्ण काढल्यावर पुन्हा गुंडाळता येत नाही, म्हणून त्या वेळी नवीनच घ्यावी. जुनी पट्टी काढण्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडावे, म्हणजे तंतू उडत नाहीत, आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून कचऱ्यात द्यावी. अंगणात जाळू नये.